दोन माणसांचा डबा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द पद्धत म्हणून लिहिला आहे. डब्याच्या आत मी तो प्रत्यक्ष घालून पाहिला, तेव्हा डोकं पाण्याच्या टाकीला आणि पाय दाराबाहेर अशी स्थिती झाली. तेव्हा तूर्त पाच-सहा अंगांवर भागवून घ्यावं.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? डोळ्यांत थेंब रोज घालता का, की बाटली संपू नये म्हणून जपून ठेवता? भाजीवाला दारावरून हाक मारतो तेव्हा उठून दार उघडता, की तो जाईपर्यंत आत गप्प बसून राहता? हा शेवटचा प्रश्न आईने विचारायला सांगितला आहे. उत्तर मला माहीत आहे, पण रीत म्हणून विचारलं.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की फोनवर तुमच्याशी बोलता येत नाही. मामी गेल्यापासून तुमचा फोन "जेवलीस का" इथे सुरू होतो आणि "बरं, ठेवतो" इथे संपतो. मधे मी जे काही सांगते ते बहुधा तारेतच राहतं. पत्राला "बरं, ठेवतो" म्हणता येत नाही. फार तर ते ठेवून देता येतं, पण चष्मा शोधताना तुम्हाला ते पुन्हा सापडेल आणि तुम्ही पुन्हा वाचाल, एवढी मी तुम्हाला ओळखते.

आधी मुद्द्याचं सांगते, म्हणजे तुम्ही शेवटचं पान आधी उघडणार नाही. डबा अजून दंतवैद्यांच्या ताब्यात गेलेला नाही. शनिवारी जायचा होता. ठरलेलं सगळं इतकं सरळ होतं की त्यात बिघडण्यासारखं काही नाही, असं मी आईला छातीठोकपणे सांगितलं होतं. तुमच्या अंगणातून हा चाकांवरच्या घरासारखा डबा तुमच्याच जीपमागे जोडायचा, किनाऱ्याच्या रस्त्याने शेवटच्या गावापर्यंत न्यायचा, तो विकत घेणाऱ्या तिथल्या निवृत्त दंतवैद्यांच्या हवाली करायचा आणि नुसती जीप घेऊन परत यायचं. त्यांची अट एकच: ते एकटे राहतात, फिरणारही एकटेच, तेव्हा डबा एका माणसाला चालवता आला पाहिजे. तुम्ही त्यांना म्हणालात, "चालतो की, त्यात काय." मामा, हे विधान तुम्ही कशाच्या आधारावर केलंत? हा डबा तुम्ही स्वतःच्या हाताने बांधलात, मामीने त्याचे पडदे शिवले, आणि त्यानंतर तुम्ही तो एकदाही एकट्याने बाहेर काढला नाहीत. चाचणी न घेता तुम्ही दाखला दिलात. आमच्या प्रयोगशाळेत यासाठी माणसाला घरी बसवतात.

माझं काम तुम्ही शेजाऱ्यांना "वजनकाटे दुरुस्त करते" असं सांगता. मी काही दुरुस्त करत नाही. काटा किती चुकतो ते तपासून लिहून देते, आणि खाली शेरा मारते: वापरास योग्य, किंवा अयोग्य. पुढची दुरुस्ती दुसरी माणसं करतात. ही विभागणी मला आवडते, तिच्यात कुणाच्या घरात शिरावं लागत नाही. तर डब्याची वाटेत तशीच तपासणी करावी, दंतवैद्यांना कागद द्यावा आणि मोकळं व्हावं, एवढाच माझा विचार होता. आईला वाटलं की मला त्या रस्त्यावरच्या फुलांची हौस सुटली. रजेच्या अर्जावर सही करताना साहेबांनी "कुणाबरोबर जाताय?" असं विचारलं. मी म्हटलं, "डब्याबरोबर." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. (माझ्या उत्तरांनंतर लोक सहसा पुढे काही विचारत नाहीत. आई म्हणते हा दोष आहे. मला ती सोय वाटते.)

रस्त्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उतार, आणि दोन गावांच्या मधे काही म्हणजे काही नाही. वारा मात्र असा की जीपचं दार उघडलं की ते बंद करायला पुन्हा करार करावा लागतो. आणि फुलं. मामा, मी मोजमापाच्या धंद्यातली आहे, अतिशयोक्ती मला परवडत नाही, पण वरपासून पार वाळूपर्यंत उतारच्या उतार पिवळे, मग एकदम जांभळे, आणि मधेच कुणी चुन्याचं डबडं सांडल्यासारखा पांढरा पट्टा, हे मी दुसऱ्या कुठल्या शब्दांत लिहू? अडचण एकच. वळण आलं की तोंड आपोआप "ते बघ" म्हणायला उघडतं. शेजारच्या सीटवर मी सपाटी बघायची पाणसळ ठेवली होती (पट्टा लावून, कारण ती घरंगळते). तिला दोनदा "ते बघ" म्हणून झालं. तिसऱ्या वळणापासून मी तोंड बंद ठेवलं.

आता तपासणी. पहिला मुक्काम रस्त्याकडेच्या एका मोकळ्या माळावर केला. ऊन कललं होतं, म्हटलं पलंग काढून ठेवावा. तुमचा पलंग भिंतीत शिरलेला असतो, आणि तो बाहेर यायला दोन टोकांच्या दोन खिट्या एकाच वेळी दाबाव्या लागतात. त्या दोन खिट्यांमधलं अंतर माझ्या पसरलेल्या दोन हातांपेक्षा वीतभर जास्त आहे. मी टेप लावून पाहिला, मग स्वतःला लावून पाहिलं, उत्तर तेच. मग आडवी झाले, एका खिटीवर हात ठेवला, दुसरीवर पायाचा अंगठा लावला आणि दाबलं. पलंग निम्मा आला, थांबला, आणि माझी बाही खिटीत धरून बसला. हात सोडावा तर पलंग परत आत जाणार, आणि माझी बाही घेऊनच जाणार. दार उघडंच होतं. नेमकी त्याच वेळी फुलं पाहायला निघालेल्या निवृत्त मंडळींची बस बाहेर थांबली.

त्यांतल्या दुर्बीणवाल्या बाई दारात आल्या आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. (दुर्बिणीतून नव्हे, पण फरक फारसा नव्हता.)

"व्यायाम चाललाय का?"

"नाही. पलंग काढतेय."

"एकट्याच?"

"हो."

"मग हे कुठायत?"

"हे नाहीत."

"येतायत का मागून?"

"कुणी येत नाहीये, बाई. तुम्ही फक्त ती खिटी दाबता का?"

त्यांनी खिटी दाबली. पलंग लोण्यासारखा बाहेर आला. हे मला मान्य केलं पाहिजे, मामा: दोन माणसं असली की तुमचा पलंग अप्रतिम चालतो, मी इतकी निर्दोष सरक कारखान्यातही पाहिलेली नाही. बाई मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. बसपाशी जाऊन त्यांनी काय सांगितलं देव जाणे, पण मग एकेक जण येऊन मला काहीतरी देऊन जाऊ लागला. उकडलेली अंडी, संत्री, अर्धा केक, आणि एका आजोबांनी खांद्यावर थोपटून "होतं गं असं" एवढंच. काय होतं, ते मी विचारलं नाही. बस गेल्यावर माळावर पुन्हा फक्त वारा उरला, आणि मी पायरीवर बसून अंडी खाल्ली. ती चांगली उकडली होती.

पाण्याचं तर आणखी निराळं. पायाने दाबायचा पंप डब्याबाहेर, नळ आत. बाहेर जाऊन दाबायचं, धावत आत यायचं, तोवर नळाने आपलं बोलणं संपवलेलं असतं. तोंडाला साबण लावून मी इतक्या खेपा घातल्या की शेवटी समुद्रावर जाऊन तोंड धुतलं. डबा सपाट उभा करायचा म्हणजे बाहेर एकाने जॅक फिरवायचा आणि आत दुसऱ्याने पाणसळीतला बुडबुडा बघत "जरा वर, अजून, बास!" असं ओरडायचं. मी बाहेर फिरवलं, आत येऊन पाहिलं, बाहेर गेले, पुन्हा आत आले. माझ्या स्वतःच्या वजनाने डबा कलतो, त्यामुळे मी आत असताना जे सपाट तेच मी बाहेर गेल्यावर तिरपं. कंटाळून एकदा मी बाहेरूनच "बास!" असं ओरडून पाहिलं. आवाज पार पाण्यापर्यंत गेला असावा, कारण खडकावर बसलेले सगळे पक्षी एकदम उडाले.

सगळ्यात मोठी चूक उलटं घेण्यात झाली. जीपच्या आरशांत डब्याचा पत्रा सोडून दुसरं काही दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुम्ही आरसे मोठे करायच्या ऐवजी मामीला मागे उभं केलंत. मी नऊ वर्षांची असताना तुमच्याबरोबर याच रस्त्याने आले होते, तेव्हाचं मला स्पष्ट आठवतं: मामी डब्यामागे, तुम्ही स्टिअरिंगवर, मी तुमच्या शेजारी. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे या मागे. पत्र्यावरची थाप जोडणीच्या दांड्यातून थेट जीपच्या सीटखाली येते. ऐकू येते म्हणण्यापेक्षा ती बसल्या जागी लागते. इंजिनाचा आवाज, वारा, काही आड येत नाही. तांत्रिकदृष्ट्या व्यवस्था चोख आहे, फक्त तिला एक मामी लागते.

एका कड्यावर, जिथून समुद्र तिन्ही बाजूंनी दिसतो, गाड्या लावायची जागा आहे आणि तिथे एक पार्किंगवाला आहे. मी त्याला सगळं समजावून सांगितलं: एक थाप थांब, दोन थापा ये. तो म्हणाला, "ताई, काळजीच नको." आणि मी गाडी मागे घ्यायला लागल्याबरोबर तो उत्साहाने पत्रा बडवू लागला. एक नाही, दोन नाही, मिरवणूक चालल्यासारखी अखंड. मी आधी मोजण्याचा प्रयत्न केला. मग दोन-दोनच्या जोड्या लावल्या, त्या हिशेबाने गाडी मागे घेत गेले, आणि थापा बंद झाल्या तेव्हा डबा राखीव फुलांच्या बरोबर मधोमध उभा होता. पार्किंगवाला बाजूला येऊन म्हणाला, "मी कधीचा थांब थांब म्हणतोय." कडेला पाटी होती: फुलांवर पाय ठेवू नये. चाकांबद्दल पाटीवर काही नव्हतं, हा मुद्दा मी नंतर वनरक्षकांपुढे मांडला. तो त्यांना आवडला नाही.

वनरक्षक सायकलवरून आले, उतरले, टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली, आणि मग म्हणाले, "या मोसमातला पहिला गुन्हा." त्यांच्या आवाजात राग होता असं मला वाटलं नाही. उलट पाहुणे येईनात म्हणून खुर्च्या आवरून ठेवाव्यात आणि तेवढ्यात बेल वाजावी, तसा काहीतरी भाव होता. मी म्हटलं, लगेच पुढे घेते. ते दोन्ही हात आडवे करून जीपपुढे उभे राहिले. म्हणे आता पुढे घेतलीत तर पुढची पण जातील. ही फुलं ऊन उतरलं की मिटतात आणि मिटली की देठासकट जमिनीला टेकतात, मग मागे सरकून मधल्या खडकावरून चाक काढता येतं. तोवर हलायचं नाही. अशी मी दुपारभर पिवळ्या फुलांच्या मधोमध अटकेत होते. येणारे-जाणारे डब्याचे फोटो काढत होते. एका जोडप्याने मला जरा खिडकीत उभं राहायला सांगितलं. मी पडदा ओढला.

पहाऱ्यावर वनरक्षक पायरीवर बसले, मी चहा केला. (पंप त्यांनी दाबला, नळ मी धरला. पाणी पहिल्यांदा सरळ भांड्यात पडलं.) मी त्यांना फुलाचं नाव विचारलं. ते म्हणाले, "सतरा नंबर." शेजारचं? "अठरा." त्यांच्या खात्याच्या यादीत फुलांना नंबर आहेत, आणि ते इतकी वर्षं एकटेच या पट्ट्यात फिरतात की नंबर पुरतात, नाव घेऊन कुणाला दाखवायचं आहे. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, आणि मीही सहानुभूती दाखवली नाही. आम्ही दोघंही तसल्या गोष्टींत वाकबगार आहोत असं दिसलं.

मग मी त्यांना मामीची नावं सांगितली. का सांगितली ते मला सांगता येणार नाही. मोठ्या पिवळ्या फुलाला खेटून, पण तोंड फिरवून उगवतं ते बारकं पिवळं म्हणजे धाकटी जाऊ. खडकाच्या फटीत शिरलेलं जांभळं, जे काढायला गेलं की आणखी पसरतं, ते भाडेकरू. माना खाली घालून ओळीत उभी असतात ती परीक्षेला बसलेली. काटेरी, सगळ्यांपेक्षा उंच, वर तुरा, ते सासरेबुवा. मला एवढीच आठवतात. वनरक्षक समोरच्या उताराकडे बघत म्हणाले, "एकवीस नंबर खरंच सासऱ्यासारखा आहे हो." आणि इतके हसले की टोपी पडली. मामी ही नावं मोठ्याने सांगायची आणि तुम्ही "रस्ता बघू दे गं" म्हणायचात. तुम्ही म्हणता, मी गाडी चालवताना काही ऐकत नसे. पण मी निघाले त्या दिवशी जीपची किल्ली हातात देताना तुम्ही म्हणालात, "दुसऱ्या घाटानंतर धाकटी जाऊ दिसेल बघ." दिसली.

ऊन उतरल्यावर फुलं खरंच मिटली आणि झोपली. वनरक्षक डब्यामागे गेले. त्यांना मी थापांचा हिशेब सांगितला होता, कुठे मारायच्या ते नाही, पण मागच्या पत्र्यावर उजव्या कोपऱ्यात, हाताच्या उंचीवर, रंग उडून एक तळहाताएवढा डाग पडला आहे, त्यांचा हात आपोआप तिथेच गेला. मी इंजिन सुरू केलं. सीटखाली दोन थापा लागल्या. सावकाश, स्पष्ट, जराशा अंतराने. मामा, मी मिनिटभर ब्रेकवरून पाय काढायला विसरले. वनरक्षकांनी पुढे येऊन काचेवर टकटक केलं, "झोपलात की काय?" मी म्हटलं, क्लच जड आहे. क्लच जड नाही.

निघताना त्यांनी गुन्हा लिहिला नाही. म्हणाले, परत जाताना थांबा. मी म्हटलं, परत जाताना डबा नसेल, नुसती जीप असेल. ते "हो का," म्हणाले आणि सायकलच्या हॅंडलकडे बघत राहिले.

शेवटच्या गावाच्या अलीकडे एक गॅरेज आहे, सध्या मी तिथे आहे. डाव्या चाकाच्या बेअरिंगमधून आवाज येत होता म्हणून थांबावं लागलं, तसं मी दंतवैद्यांनाही कळवलं आहे. थांबलेच आहे तर अटीचंही बघावं, म्हणून त्या कामाचा आराखडा केला. काम अवघड नाही. दोन खिट्या जोडणारी एक सळई टाकली की मधे एक मूठ दाबून पलंग निघेल. पंप आत घ्यायचा. पाणसळ बाहेरून दिसेल अशी बसवायची. आरशांना लांब दांडे. मागचा पत्रा घासून, रंग मारून. गॅरेजवाले मामा (ते तुमच्याएवढेच आहेत, पण बोलतात) आराखडा बघून म्हणाले, "झकास. अर्ध्या दिवसाचं काम. मग बाई, तुम्हाला कुणाचीच गरज नाही."

त्यांनी ते कौतुकाने म्हटलं. मी त्यावर विचार करत सळ्यांच्या ढिगावर बसले. माझं घर मी असंच करून घेतलं आहे, मामा. मैत्रीण लग्न होऊन खोली सोडून गेल्यापासून सगळं एका माणसाच्या हाताला येईल असं बसवलं आहे. उंच फळ्या काढल्या, बेल काढली (वाजायची ती चुकूनच), दुसऱ्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे असतात. सगळं उत्तम चालतं. काहीही अडकत नाही, बाही नाही की चाक नाही. कुणी अंडी आणून देण्याची वेळच येत नाही. तपासणीला गेलं तर माझ्या घराला पहिल्या फटक्यात "योग्य" मिळेल.

तेवढ्यात आईचा फोन आला. ती तुमच्याकडे डबा घेऊन (जेवणाचा) आली होती. म्हणाली, "तू डबा काढलास, तिथे गवत पिवळं पडलेला चौकोन आहे अजून. दादा कपडे वाळत घालायला जातो ना, तर त्या चौकोनाला वळसा घालून जातो. मोकळं अंगण हवं, मोकळं अंगण हवं म्हणत होता, आणि आता त्यात पाय टाकत नाही." मी "बरं, ठेवते" म्हटलं. ते तुमच्याकडूनच आलेलं असावं.

तर सळ्या आणून ठेवल्या आहेत. गॅरेजवाले उद्या काम धरतील. दंतवैद्य रविवारी येऊन डबा बघतील आणि घेऊन जातील. तुम्ही काळजी करू नये. माझी तब्येत ठीक आहे, जेवण होतं, आणि एकटीचं मला काही अडत नाही.

मोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. तुमच्या घरात सध्या दोन्ही जागा तुम्हीच सांभाळता, तेव्हा आपसात वाटून घ्यावेत.

तुमची भाची

ता. क. बेअरिंगला काहीही झालेलं नाही. गॅरेजवाल्यांनी चाक काढून पाहिलं, अजून पुष्कळ वर्षं जाईल म्हणाले. आवाज येत होता असं मी म्हटलं, पण तो आला असता तर बरं, असं त्याचं स्वरूप होतं.

आणखी ता. क. वरचं पत्र लिहून झाल्यावर सळ्या दुकानदाराला परत दिल्या. पत्रा घासायला गॅरेजवाल्यांनी कागद हातात घेतला होता, तो मी काढून घेतला. दंतवैद्यांना फोन करून रीतसर शेरा कळवला: "दोन माणसांच्या वापरास योग्य. एका माणसाच्या वापरास अयोग्य." ते माणूस म्हणून चांगले वाटले. म्हणाले, आयुष्यभर लोकांच्या उघड्या तोंडांत बघत आलो, आता जरा कुणी नसावं असं वाटतं, दुसरा डबा बघतो. मग म्हणाले, "पण तुम्ही तरी एकट्याच आहात ना? मग तुम्हाला कसा चालतो?" मी म्हटलं, चालत नाही. दुसऱ्या माणसाला पत्र टाकते आहे.

शेवटचं ता. क. तुमच्या कोपऱ्यावरून सकाळी सुटणारी बस थेट या गॅरेजसमोर थांबते, मी चौकशी केली आहे. अंगण कोण बघेल असं म्हणू नका, त्या चौकोनाला आई वळसा घालेल. गुडघ्याचं म्हणाल तर तुम्हाला काही करायचं नाही, एक खिटी दाबायची आणि मागे उभं राहायचं, गाडी मी चालवीन. माझी रजा वाढवून घेतली आहे. (साहेबांनी पुन्हा विचारलं, कुणाबरोबर. या वेळी उत्तर देता आलं.) परतताना कड्यावर थांबायचं आहे. सतरा नंबरला आता वनरक्षकही धाकटी जाऊच म्हणतात, पण एकोणीस आणि वीसला मामी काय म्हणायची ते त्यांना हवं आहे आणि ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. येताना डोळ्यांचे थेंब आणा.

आणि मागे उभे राहाल तेव्हा एक थाप दिलीत तर मी थांबेन, दोन दिल्यात तर मागे येईन. मामी कधीकधी तीन द्यायची. तुम्ही इंजिन बंद करून एकटेच हसायचात, आणि मी विचारलं की "काही नाही, आमचं आहे" म्हणायचात. तुम्ही तशा तीन दिल्यात, तर मी काय करायचं, तेवढं आल्यावर सांगा.